साडेतीनशे डॉलरच्या आतली कार्बाइन घ्यावी का?

पत्र: आम्ही डॅलसजवळ फ्रिस्कोला राहतो. मी, पत्नी आणि नऊ वर्षांचा मुलगा. गेल्या वर्षी दोघांचंही ग्रीन कार्ड आलं. सुट्टीच्या दिवशी रेंजवर जाऊन नेमबाजी शिकावी आणि घरात संरक्षणाला काहीतरी असावं, असं मनात आहे. पिस्तूल भाड्याने घेऊन पाहिलं, पण निम्म्या गोळ्या कागदाबाहेर गेल्या. दुकानदाराने हाय-पॉइंट कंपनीची ९ मिमी कार्बाइन (आखूड, हलकी रायफल) दाखवली, ३३० डॉलर. म्हणाला, गोळ्या पिस्तुलाच्याच, पण खांद्याला लावून मारायची, त्यामुळे कुणालाही जमते. मित्र म्हणतो, तो डबा घेऊ नकोस, सरळ एआर-१५ रायफल घे. आमचं बजेट पाचशेचं आहे. माझा मेहुणा एच-वन-बीवर आहे, सध्या आमच्याकडेच राहतो. त्यालाही रेंजवर यायचंय. काय करावं?
— एक वाचक, फ्रिस्को

उत्तर: दुकानदार खोटं बोललेला नाही आणि मित्रही अगदीच चुकलेला नाही. ३३० डॉलरची ती कार्बाइन रेंजवर मारायला म्हणून घ्यायला हरकत नाही. घरातलं पहिलं आणि एकमेव हत्यार म्हणून मात्र आम्ही ती सुचवणार नाही. कारणं पुढे येतीलच. त्याआधी ते पाचशेचं बजेट मोडून पुन्हा मांडा, कारण इथे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला आहे.

हिशेब असा. बंदूक ३३०, त्यावर टेक्सासचा ८.२५ टक्के विक्रीकर धरून साधारण ३५७. कान आणि डोळे झाकण्याची साधनं प्रत्येकी दोन जोड, बरी घेतली तर शंभराच्या आसपास. लगेच उघडणारी पण मुलाला न उघडता येणारी लांब पेटी दीडशे ते अडीचशे. (पेटी आणि ट्रिगर लॉकवर टेक्सासमध्ये २०२१ पासून विक्रीकर नाही, तेवढं सुख.) नवशिक्यांचा वर्ग माणशी ७५ ते १५०. सफाईचं सामान पंचवीस-तीस. दोन जादा मॅगझिन (गोळ्या भरायच्या डब्या) चाळीस-पन्नास. आणि पहिल्या हजार गोळ्या, राउंडला, म्हणजे एका गोळीला, पंचवीस सेंट धरले तर अडीचशे डॉलर. म्हणजे बंदूक कुठलीही घ्या, पहिल्या वर्षी तिच्याभोवती सातशे ते हजार डॉलर जाणारच. मग ३३० ची घेतली काय किंवा ५५० ची घेतली काय, एकूण खर्चात फरक पाव हिश्श्याहूनही कमी पडतो. तेवढ्या फरकात काय मिळतं हे पाहायला हवं, आणि ते कळायला आत काय चालतं ते आधी समजलं पाहिजे.

या किमतीच्या जवळपास सगळ्या कार्बाइन ‘ब्लोबॅक’ तत्त्वावर चालतात. बोल्टला, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या सरकत्या तुकड्याला, नळीशी जखडणारी कडी किंवा खाच नसते. त्याचं स्वतःचं वजन आणि मागची स्प्रिंग, एवढ्यावरच तो बंद राहतो. गोळी नळीबाहेर पडून दाब उतरेपर्यंत तो फार मागे सरकायला नको, म्हणून कारखानदार तो जड करतात. याला भाग कमी लागतात, घासकाम कमी लागतं, म्हणून वस्तू स्वस्त पडते. यात फसवाफसवी काही नाही. पण जड लोखंड वेगाने मागे येऊन आपटतं तेव्हा खांद्याला जो झटका बसतो, तो काडतुसाच्या मानाने जास्त असतो. एआर-१५ चं काडतूस ऊर्जेने ९ मिमीच्या जवळपास तिप्पट, तरी चांगल्या एआरचा धक्का बऱ्याचदा स्वस्त ९ मिमी कार्बाइनपेक्षा मऊ लागतो. नवख्या माणसाला हे उलटं वाटतं. दुसरा परिणाम काजळीचा. दाब पुरता उतरण्याआधीच रिकामं कवच मागे यायला लागतं, त्याबरोबर धूर आणि न जळलेली पूड आत येते. दोनशे राउंडनंतर बोल्टचं तोंड, चेंबरची (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेची) कड आणि मॅगझिनचा वरचा भाग काळा झालेला दिसेल. हा बिघाड नव्हे. पुसायचं एवढंच.

आता दुकानदाराचं खरं काय ते. पिस्तूल फक्त दोन हातांवर असतं. कार्बाइनला दोन हात, खांदा आणि गाल असे चार टेकू मिळतात, त्यामुळे तीच गोळी पंचवीस यार्डांवर बशीएवढ्या गोलात बसवणं पहिल्या दिवशी जमतं. सोळा इंची नळीमुळे वेगही वाढतो: ११५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) साधी गोळी पिस्तुलातून ११५० फूट प्रतिसेकंदाच्या आसपास सुटते, कार्बाइनमधून तेराशेच्या घरात. १४७ ग्रेनच्या जड गोळीला नळी लांब मिळाल्याचा फायदा त्या मानाने थोडाच. हे सगळं ठीक. पण तुमच्या गोळ्या कागदाबाहेर जाण्याचं कारण बहुधा वेगळं आहे. बार उडणार या धास्तीने चाप ओढायच्या क्षणी मनगट खाली दाबलं जातं. कार्बाइन ही खोड झाकते, घालवत नाही. खात्री करायची तर नकली काडतुसं घ्या (दुकानात ‘स्नॅप कॅप’ नावाने मिळतात). एकाने मॅगझिन भरताना खऱ्या गोळ्यांमध्ये कुठेतरी दोन नकली सरकवायच्या आणि दुसऱ्याने मारायचं. नकलीवर नुसतं ‘टक्’ होतं आणि नळीचं तोंड दोन इंच खाली बुडालेलं दोघांनाही स्पष्ट दिसतं. वीस मिनिटांचा हा खेळ कुठल्याही खरेदीपेक्षा जास्त शिकवतो.

हाय-पॉइंट ९९५ ही ओहायोत बनते, नळी साडेसोळा इंच, मॅगझिन दस्त्याच्या मुठीत बसतं आणि दहाच राउंडचं असतं. तिला डबा म्हणणाऱ्यांनी तिचं रूप पाहिलेलं असतं. कंपनीची आयुष्यभराची हमी बंदुकीसोबत जाते, मालक कितवाही असो. त्यामुळे जुनी घेतली तरी वाऱ्यावर सोडलं जात नाही. नेम चांगला आहे, मागच्या बाजूला फिरवून जुळवता येणारी, नेम धरायची भोकाची साइट येते. दोष कुठे? चाप जड आणि लांब, नेमका कधी सुटेल याचा अंदाज उशिरा येतो. बोल्ट ओढायची मूठ आट्यांवर बसवलेली असते आणि धक्क्यांनी सैल होते. नवी आणल्याबरोबर ती काढून आट्यांवर निळ्या थ्रेडलॉकरचा (आटे सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) थेंब टाका, घट्ट करा, चोवीस तास वाळू द्या. लाल थ्रेडलॉकर नको, तो गरम केल्याशिवाय सुटत नाही. सफाईसाठी खोलणं कटकटीचं आहे, दस्त्याचे स्क्रू काढण्यापासून सुरुवात. म्हणून बहुतेक जण नळीतून दोरीचा ब्रश ओढतात, दिसेल तेवढं पुसतात आणि पूर्ण खोलणं हजार राउंडांवर ढकलतात. चालून जातं.

खरी अडचण मॅगझिनची आहे, आणि या सगळ्या प्रकारात बंदुकीइतकंच, किंबहुना जास्त, लक्ष तिकडे द्यायला हवं. अडकण्याच्या तक्रारींपैकी बहुतेक तिथूनच सुरू होतात. मॅगझिनच्या वरच्या दोन ओठांमधलं अंतर आणि त्यांचा कोन थोडा जरी बिघडला, तरी गोळीचं नाक चेंबरकडे न वळता खालच्या उतारावर आपटतं. हाय-पॉइंटला कंपनीचीच दहाची मॅगझिन घ्या. इतर बनावटीची जास्त क्षमतेची मॅगझिन मिळतात, त्यातली काही नीट चालतात, काही चालत नाहीत, आणि ते विकत घेतल्यावरच कळतं. रेंजवर अडकलं तर हसून सोडता येतं. रात्री दोन वाजता नाही.

म्हणूनच कुठलीही कार्बाइन पाहताना पहिला प्रश्न किमतीचा नको, ‘मॅगझिन कुणाचं लागतं?’ हा हवा. ग्लॉक पिस्तुलाचं लागत असेल तर निम्मं काम झालं. ती मॅगझिन जवळपास प्रत्येक दुकानात पंचवीस-तीस डॉलरला मिळतात, वर्षानुवर्षं तपासलेली आहेत, आणि उद्या पिस्तूल घ्यावंसं वाटलं तर तीच दोन्हीकडे चालतील.

केल-टेकची सब-२००० ग्लॉकच्या मॅगझिनवर चालते, मधोमध घडी होऊन सोळा-सतरा इंचांची होते आणि वजनाला चार पौंडांच्या आसपास. साडेचारशे-पाचशेत मिळते. ऐकायला तुमच्या बजेटात अगदी चपखल. पण हलकी आहे म्हणजे झटका जास्त, गाल टेकायला धातूची सरळ नळी, आणि बोल्ट ओढायची मूठ त्याच नळीखाली, त्यामुळे हात खांद्याजवळ अवघडून न्यावा लागतो. पहिल्या दोन पिढ्यांत आणखी एक गैरसोय: वरच्या बाजूला रेड डॉट (लाल ठिपका दाखवणारी नेमाची काच) बसवला की घडी होत नाही. २०२३ मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीत पुढचा भाग फिरतो, मग डॉट जागेवर ठेवून घडी घालता येते. प्रवासात पिशवीत मावणारी कार्बाइन हवी असेल तर ही उत्तम. तुम्हाला घडीची गरज पत्रात तरी दिसत नाही, आणि नवशिक्या दोघांनी दीडशे-दोनशे राउंड सलग मारायला ती सुखाची नाही.

रुगरची पीसी कार्बाइन आम्ही तुमच्यासाठी वरच्या नंबरवर ठेवू. २०१७ च्या अखेरीस बाजारात आली, साडेपाचशे ते सातशेच्या दरम्यान, जुनी चांगल्या स्थितीतली पाचशेच्या आतही सापडते. वजन ६.८ पौंड. बोल्टच्या आत टंगस्टनचा सरकता ठोकळा आहे, तो बोल्टच्या मागोमाग क्षणभर उशिरा आपटतो आणि झटका पसरवतो. ब्लोबॅकमध्ये एवढी नरम बंदूक या किमतीत क्वचित मिळते. मॅगझिनची विहीर (मॅगझिन ज्या खाचेत बसतं ती) बदलता येते: पेटीत रुगरची आणि ग्लॉकची अशा दोन्ही येतात. बदलायला दस्त्याचे स्क्रू काढावे लागतात, सावकाश केलं तरी पंधरा मिनिटांचं काम. बोल्टची मूठ आणि मॅगझिनचं बटण डावीकडे-उजवीकडे फिरवता येतं. शिवाय दस्त्यामागे अर्ध्या इंचाच्या चकत्या आहेत, त्या काढल्या की लांबी कमी होते. तुमच्या पत्नीला हे महत्त्वाचं ठरेल. दस्ता लांब पडला की माणूस कंबरेतून मागे झुकतो, वजन टाचांवर जातं आणि प्रत्येक बाराला नळी वर उडते. दुकानात मापाची सोपी परीक्षा: बंदूक रिकामी असल्याचं दोघांनी डोळ्यांनी पाहून, खांद्याला लावून, पुढे किंचित वाकून अर्धा मिनिट धरा. पाठीत ताण आला तर दस्ता लांब आहे.

स्मिथ अँड वेसनची एफपीसी (२०२३) आडवी घडी होते, दोन जादा मॅगझिन दस्त्यातच खोचलेली असतात. तीही चांगली, फक्त मॅगझिन त्यांच्या स्वतःच्या एम अँड पी पिस्तुलाची. एआर-९ म्हणजे एआर-१५ च्या सांगाड्यात ९ मिमी, हा प्रकार सुटे भाग जोडून स्वस्तात होतो असं कुणी सांगेल. पहिली बंदूक म्हणून त्या वाटेला जाऊ नका. तिथे बोल्ट, बफरचं (बोल्टमागे धक्का झेलणाऱ्या ठोकळ्याचं) वजन आणि स्प्रिंग यांचं गणित आपलं आपण जमवावं लागतं. बफर हलका पडला तर बोल्ट वाजवीपेक्षा जोरात मागे येतो, शेवटच्या गोळीनंतर त्याला अडवणारी कॅच तडकते. जड पडला तर कमजोर गोळ्यांवर पूर्ण मागेच येत नाही.

मित्राच्या एआर-१५ बद्दल. पाचशेच्या आसपास साधी चालणारी एआर मिळते हे खरं, आणि नुसत्या ताकदीच्या हिशेबात ती कुठल्याही ९ मिमीच्या पुढे आहे. पण तिच्या गोळीला ९ मिमीच्या जवळपास दुप्पट पैसे पडतात, बंद खोलीत आवाज आणि झोत दोन्ही भयंकर, आणि बऱ्याच इनडोअर रेंजवर रायफलच्या काडतुसाला मनाई असते, जिथे पिस्तुलाच्या काडतुसाची कार्बाइन चालते. तुम्हाला दर पंधरा दिवसांनी शंभर-दीडशे राउंड मारून हात बसवायचा असेल तर ९ मिमी परवडते. जाताना रेंजला फोन करून एवढं विचारा: कार्बाइन चालते का, आणि लोखंडी कवचाच्या गोळ्या चालतात का. ज्या गोळीला चुंबक चिकटतं ती पुष्कळ ठिकाणी परत गाडीत ठेवायला लावतात.

तिसरा एक पर्याय पत्रात नाही, पण सुचवायलाच हवा. शिकणं हाच मुख्य हेतू असेल तर रुगरचीच पॉइंट टूटू (.२२ कॅलिबरची बारीक गोळी मारणारी) रायफल, १०/२२. १९६४ पासून बनते आहे, साधी आवृत्ती हाय-पॉइंटच्याच किमतीत येते, धक्का नाहीच्या बरोबर आणि राउंड सात ते दहा सेंटला. ९ मिमीच्या दोनशे गोळ्यांच्या पैशात पाचशे मारता येतात. संरक्षणाला ती कमी पडते आणि पॉइंट टूटूच्या काडतुसात फुसके निघण्याचं प्रमाणही जास्त, हे मान्य. पण धास्तीने मनगट दाबायची खोड तिच्यावर सगळ्यात लवकर जाते.

आता कार्बाइन घरी आली असं धरू. कारखान्यातून निघताना ती गंजू नये म्हणून जे तेल फासलेलं असतं ते वंगण नव्हे. नळी कोरड्या फडक्याने साफ करा, बोल्ट जिथे घासतो त्या कडांवर तेलाचा पातळ हात फिरवा, बाकी कोरडं ठेवा. जास्त तेलात काजळी मिसळून लापशी होते आणि थंडीत बोल्ट सुस्तावतो.

नेम पंचवीस यार्डांवर जुळवा. ११५ ग्रेनची गोळी आणि नळीपासून दोन इंच उंच डॉट असेल तर पंचवीसला जुळवलेला नेम पन्नासलाही जवळपास तोच राहतो, शंभर यार्डांवर पाचेक इंच खाली जातो. लोक गोंधळतात ते जवळच्या अंतरावर. सात यार्डांवर गोळी डॉटच्या सव्वा-दीड इंच खाली लागते, कारण नळी डॉटच्या खाली आहे आणि गोळी अजून वर चढलेली नाही. घरातलं अंतर हेच असतं. तेव्हा सात यार्डांवर पोस्टकार्डाएवढा कागद लावून किती वर धरावं लागतं ते दोघांनीही हाताने अनुभवा. क्लिकांचा हिशेबही पक्का करून ठेवा. एक एमओएचा (एमओए हे कोनाचं माप) क्लिक, म्हणजे साइटचा स्क्रू एक टप्पा फिरवणं, शंभर यार्डांवर साधारण इंचभर सरकतो, पंचवीसवर पाव इंचच. गोळ्या दोन इंच डावीकडे पडत असतील तर आठ क्लिक लागतील. लोक दोन फिरवतात आणि साइट खराब म्हणून परत करायला निघतात. आणि पाच गोळ्यांचा घोळका पाहून फिरवा, एकेका गोळीमागे फिरवत राहिलात तर दिवस तिथेच जाईल.

बोल्ट पुढे सोडताना हाताने हळूहळू आणू नका. मागेपर्यंत ओढून सरळ सोडून द्या, स्प्रिंगला तिचं काम करू द्या. हाताने सोबत नेलं की तो शेवटचे दोन मिलिमीटर बंद होत नाही आणि चाप ओढल्यावर नुसता ‘टक्’ येतो, मग बंदुकीला दोष. गोळी सुटली नाही तर नळी मैदानाकडेच ठेवून तीस सेकंद थांबा, उशिरा उडणारं काडतूस असू शकतं. रिकामं कवच बंदुकीच्या बाजूला ते बाहेर पडायच्या दारात उभं अडकलं तर मॅगझिन काढा, बोल्ट मागे ओढून ते पडू द्या. हे एकाच मॅगझिनवर वारंवार होत असेल तर त्या मॅगझिनवर मार्करने खूण करून ते बाजूला काढा. सगळ्यांवर होत असेल तर गोळ्यांचा छाप बदलून पाहा, कमजोर भरलेल्या गोळ्या जड बोल्टला पुरते मागे ढकलत नाहीत. आणि एक प्रसंग असा की तिथे घाई म्हणजे हात गमावणं: फुसका बार. आवाज नेहमीपेक्षा दबका आला, धक्का बसलाच नाही, तर पुढची गोळी मारू नका. गोळी नळीतच अडकलेली असू शकते, आणि सोळा इंची नळीत कमी पुडीच्या गोळीला अडकायला जागा पिस्तुलापेक्षा जास्त. मॅगझिन काढा, चेंबर उघडा, रेंजवरच्या माणसाला बोलवा. नळीतून सळई आरपार गेल्याशिवाय पुढे काही नाही.

संरक्षणासाठी ठेवायची असेल तर आधी दोनशे साध्या गोळ्या आणि त्यानंतर घरात ज्या भरून ठेवणार त्याच पोकळ तोंडाच्या किमान पन्नास, एकदाही न अडकता गेल्या पाहिजेत. पोकळ तोंडाच्या गोळीचं नाक बोथट असतं, स्वस्त बंदुकांना नेमकं तेच पचत नाही. अशी गोळी पन्नासला तीस-चाळीस डॉलर पडते म्हणून बरेच लोक ही पायरी गाळतात. घरात साधी गोळी मात्र भरून ठेवू नका. अमेरिकी घरातली आतली भिंत म्हणजे अर्ध्या इंचाचे दोन ड्रायवॉल (जिप्समचे पत्रे), ९ मिमीची साधी गोळी अशा अनेक भिंती सहज ओलांडते. पोकळ तोंडाचीही ओलांडू शकते. मुलाची खोली कुठल्या रेषेत येते हे दिवसाउजेडी घरात फिरून ठरवा, आणि ज्या दिशेला ती आहे तिकडे नळी कधीच नाही, हे दोघांत पक्कं असू द्या.

ठेवताना भरलेलं मॅगझिन वेगळं किंवा लावलेलं, पण चेंबर रिकामा. जड बोल्टची कार्बाइन दस्त्यावर आपटली तर बोल्ट स्वतःच्या वजनाने मागे सरकून गोळी आत ओढू शकतो. चेंबर भरलेला असेल तर धोका याहून मोठा. टेक्सासच्या कायद्यात सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं हा गुन्हा आहे, आणि पेटीचा आकडा मुलाची जन्मतारीख असेल तर पेटी घेऊन न घेतल्यासारखीच.

मेहुण्याचं. इथे आवाज थोडा चढवूनच सांगावं लागेल. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा गोळ्या बाळगणं संघीय कायद्याने गुन्हा आहे, आणि रेंजवर पाच मिनिटं हातात घेणं हेसुद्धा ‘बाळगणं’ ठरू शकतं. अपवाद मोजके आहेत. नेहमी वापरला जातो तो म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्या तरी राज्याचा चालू शिकार परवाना. तो आधी काढा, मुदत तपासा, रेंजवर जवळ ठेवा, आणि इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारा. तोवर त्याला पेटीचा आकडा किंवा किल्ली देऊ नका. त्याच्यासाठी म्हणून तुमच्या नावावर बंदूक घेणं तर अजिबात नाही. त्याचे पैसे, तुमचं नाव, हा स्वतंत्र आणि गंभीर गुन्हा आहे. ग्रीन कार्ड असलं तरी बंदुकीच्या गुन्ह्यावरून देशाबाहेर काढता येतं, हे विसरू नका.

नळी सोळा इंचांपेक्षा किंवा एकूण लांबी सव्वीस इंचांपेक्षा कमी करायचा मोह झाला तर थांबा. तसं करणं १९३४ च्या संघीय बंदूक कायद्याखाली आधी परवानगी आणि नोंदणी लागणारं काम आहे. २०२६ पासून त्यावरचा दोनशे डॉलरचा कर शून्य झाला, नोंदणी गेलेली नाही. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, इलिनॉय, वॉशिंग्टन यांसारख्या राज्यांत नियम फार वेगळे आहेत. न्यू जर्सीतल्या एडिसनला नातेवाइकांकडे जाताना ही गाडीत टाकून नेऊ नका. टेक्सासमध्ये घेतलेली सतरा गोळ्यांची मॅगझिन तिथे बेकायदा आहेत, तिथली मर्यादा दहाची.

खरेदीच्या दिवशी दोन्ही कागद न्या: ग्रीन कार्ड आणि सध्याचा पत्ता असलेलं ड्रायव्हिंग लायसन्स, कारण कार्डावर पत्ता नसतो. घर बदललं असेल तर लायसन्सवरचा पत्ता आधी बदलून घ्या. खरेदीच्या संघीय अर्जावर, म्हणजे फॉर्म ४४७३ वर, ग्रीन कार्डावरचा एलियन नंबर लागतो. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि ते एका कागदावर पूर्ण, दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर, तिसऱ्यावर गायब असं बऱ्याचदा असतं. कागदावर जसं छापलंय तसंच, स्पेलिंगसकट, भरा. पार्श्वभूमी तपासणी अडकायला एवढा फरकही पुरतो. ‘डिलेड’ असं उत्तर आलं तर तो नकार नव्हे. तीन कामकाजाच्या दिवसांत निर्णय आला नाही तर द्यायची की नाही हे दुकानदाराच्या मर्जीवर असतं, काही दुकानं पक्कं उत्तर येईपर्यंत देतच नाहीत. पैसे भरण्याआधी त्यांची पद्धत विचारून घ्या. तेवढ्या दिवसांत रेंजवर भाड्याने पीसी कार्बाइन मिळते का पाहा, दोघांनी शंभर-शंभर राउंड मारा, आणि शक्य असेल तर त्याच दिवशी हाय-पॉइंटही.